चौकात खेळणारी मुले

शास्त्रपाठ : जखऱ्या ८:१–८; यिर्मया ९:२०–२२; मार्क १०:१३–१६



जखऱ्याचे पुस्तक आपल्या मंडळ्यांत फारसे उघडले जात नाही. झावळ्यांच्या रविवारी नवव्या अध्यायातला गाढवीच्या शिंगरावर बसून येणारा राजा आपण आठवतो, तीस रुप्यांच्या प्रसंगी अकराव्या अध्यायाकडे वळतो आणि पुस्तक पुनः मिटतो. आठव्या अध्यायात मात्र दोन वचने अशी आहेत की त्यांवर आम्ही चाळीस वर्षांत एकही उपदेश ऐकला नव्हता, आणि खरे सांगायचे तर केलाही नव्हता. ती वचने आम्हांला कोरोनाच्या साथीने वाचायला लावली.

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांशी हा संदेष्टा बोलतो आहे. मागच्याच अध्यायात दारयावेश राजाच्या चौथ्या वर्षाचा उल्लेख आहे, म्हणजे इ. स. पूर्व ५१८ च्या सुमाराची ही गोष्ट. यरुशलेमचा तट पडलेला, मंदिराचे काम चालू आहे पण पुरे झालेले नाही. अशा वेळी देव सांगतो की मी सियोनेत परत येऊन राहीन. आता तो आला हे ओळखायचे कशावरून? आम्ही असतो तर सोन्याच्या समया, मोठे सैन्य, भरलेली कोठारे अशी काही खूण मागितली असती. देव दुसरीच खूण देतो. वयामुळे हाती काठी आलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या पुनः चौकांत येऊन बसतील, आणि त्याच चौकांत मुलगे व मुली खेळतील, इतकी की नगराचे रस्ते त्यांनी भरून जातील. एवढेच. पुढच्याच वचनात देव जणू लोकांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास पाहतो आणि विचारतो की हे तुम्हांला अशक्य वाटले म्हणून मलाही अशक्य वाटावे काय?

त्या लोकांना ते अशक्य का वाटले असेल, हे कळण्यासाठी आणखी मागे, यिर्मयाकडे जावे लागते. नवव्या अध्यायात तो रडणाऱ्या बायांना बोलावतो आणि म्हणतो की मरण आमच्या खिडक्यांतून चढून आत आले आहे. रस्त्यावरची मुले आणि चौकांतले तरुण त्याने तोडून नेले आहेत. मुले रस्त्यावरून नाहीशी होणे ही यिर्मयाच्या लेखी नगराच्या मरणाची खूण आहे, आणि ती रस्त्यावर पुनः दिसणे ही जखऱ्याच्या लेखी देवाच्या परत येण्याची. यांच्यामध्ये काही पिढ्यांचे अंतर आहे. आमच्या पिढीने ती दोन्ही वचने दोन वर्षांत पाहिली. दुसरे अजून पुरते पाहिलेले नाही, आणि त्याबद्दलच आज बोलायचे आहे.

२२ मार्च २०२० चा रविवार आपणांपैकी कोणी विसरला नसेल. त्या दिवशी जनता संचारबंदी होती. मंदिराची घंटा वाजली नाही. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता. दर वर्षी आमच्याकडे मुले झावळ्या घेऊन आवाराला फेरी घालतात, आणि दर वर्षी त्या झावळ्यांच्या तलवारी होतात, आणि दर वर्षी कोणीतरी वडील रागावतात. त्या वर्षी रागवायला कोणी नव्हते. १२ एप्रिलचे पुनरुत्थानाचे गीत आम्ही घरातल्या चौघांनी खुर्च्यांवर बसून म्हटले.

आमच्या घरी पणजीच्या तोंडची प्लेगची गोष्ट चालत आलेली आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे बेळगाव-धारवाडकडेही आला आणि वर्षानुवर्षे फिरून फिरून येत राहिला. घरात उंदीर मेलेला दिसला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. तेव्हा मरण घरात होते आणि जीव वाचवायचा तर बाहेर पडावे लागे. माणसे मरत होतीच, त्या दिवसांत गोड काही नव्हते. पण झोपड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मुले खेळत, एवढे पणजीला आठवत असे. कोरोनाने नेमके उलटे केले. दुखणे एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जाणारे, म्हणून सगळ्यांनी आत राहायचे. बंद खोलीपेक्षा मोकळ्या हवेत धोका पुष्कळ कमी असतो हे पुढे शास्त्रज्ञांना कळत गेले. आरंभी ते माहीत नव्हते, आणि ज्यांनी त्या अंधारात निर्णय घेतले त्यांच्यावर आज घरी बसून दगड मारणे आम्हांला शोभत नाही. पण जे झाले ते झाले असे म्हणायला तर हवे.

त्यातली एक गोष्ट आम्हांला जखऱ्या वाचताना टोचली. जून २०२० मध्ये प्रार्थनास्थळे उघडण्यास केंद्र सरकारने परवानगी दिली तेव्हा बरोबर एक सूचनापत्र आले. आमच्या पंचकमिटीने ते फाटकावर चिकटवले होते. हात धुवावेत, अंतर ठेवावे, आणि ६५ वर्षांवरील व्यक्ती, आजारी माणसे, गरोदर स्त्रिया व १० वर्षांखालील मुले यांनी घरीच राहावे असा सल्ला. सूचना रास्त होती, जीव वाचवणारी होती. पण पाहा, जखऱ्याने चौकात ज्या दोघांना बसवले, नेमके तेच दोघे फाटकाबाहेर राहिले. काठीवाले आणि खेळणारे. मंडळी उघडली, उपासना झाली, दान गोळा झाले. आणि देवाने सांगितलेली खूण तेवढी नव्हती. इतकेच नव्हे, घराघरांतही ही दोघे एकमेकांपासून तोडली गेली, कारण नातवाच्या श्वासाने आजीला अपाय होईल ही भीती खरी होती. आजी माजघरात, नातू बाहेरच्या खोलीत, आणि नातवाच्या हाती मोबाइल.

आता मुलांच्या शरीराचे काय झाले ते सांगतो. पुष्कळ धर्मनिष्ठ माणसांना शरीर हा विषय उपदेशात आवडत नाही. पौलाने तीमथ्याला शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आहे असे लिहिले, तेवढे त्यांच्या चांगले ध्यानात असते. थोडा म्हणजे मुळीच नाही असे तो म्हणत नाही. लूक आपल्या प्रभूच्या बाळपणाबद्दल फार थोडे सांगतो, पण येशू ज्ञानात वाढला याबरोबर तो अंगानेही वाढला हे सांगायला विसरत नाही. आणि बारा वर्षांचा तो मुलगा नासरेथाहून यरुशलेमेस गेला तो कसा? चालत, कित्येक दिवसांची वाट. परतीच्या वाटेवर आईबाप एक मजल पुढे गेले तरी तो दिसत नाही म्हणून घाबरले नाहीत, कारण पोर नात्यागोत्याच्या घोळक्यात कुठेतरी हुंदडत असेल हे त्यांनी गृहीत धरले होते. ज्या समाजात असे गृहीत धरता येते तो समाज मुलांसाठी केवढा मोकळा असेल!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरात सांगितले की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल हवी. साथीच्या काळात प्रत्यक्षात काय घडले? निरनिराळ्या देशांतील २२ अभ्यास एकत्र करून २०२२ साली एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात १४,२१६ मुलांची माहिती होती. मुलांची हालचाल सुमारे एक-पंचमांशाने घटलेली आढळली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लेखात ४६ अभ्यास होते. साथीपूर्वी मुले दिवसाला सरासरी १६२ मिनिटे पडद्यासमोर असत, साथीत ती २४६ मिनिटे झाली. म्हणजे जवळजवळ दीड तास वाढला. हे अंक इतर देशांतले म्हणून बाजूला ठेवू नयेत. आपापल्या घरी घड्याळ लावून पाहावे.

डोळ्यांची गोष्ट तर आम्हांला सर्वांत जास्त चटका लावणारी वाटली. चीनच्या शांदोंग प्रांतात फेइचेंग नावाचे शहर आहे. तेथील शाळांत दर वर्षी मुलांचे डोळे तपासले जात. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत सहा वर्षांच्या शंभर मुलांत लांबचे न दिसणारी मुले कोणत्याही वर्षी सहापेक्षा जास्त नव्हती. २०२० च्या जानेवारीपासून मेपर्यंत शाळा बंद होत्या. त्यानंतर तपासले तेव्हा शंभरात एकवीस-बावीस निघाली. मोठ्या मुलांत फरक कमी होता, जरी त्यांचा पडद्यावरचा अभ्यास अधिक होता. कोवळा डोळा लवकर बिघडतो. मुलाचे बुबुळ वाढत असते तेव्हा दिवसाचा उजेड त्याला आवर घालतो. उजेड मिळाला नाही आणि नजर सतत हातभर अंतरावर खिळली की डोळा लांबट होत जातो, आणि एकदा लांबट झालेला डोळा पूर्ववत होत नाही. डोंगराकडे दृष्टी लावण्याचे स्तोत्र आपण मुलांकडून पाठ करून घेतो. डोंगर दिसायला तर हवा.

मनाचेही तसेच. २०२१ साली २९ अभ्यासांतील ८०,००० हून अधिक मुलांची माहिती एकत्र केली गेली. चौघांत एकाला खिन्नतेची आणि पाचांत एकाला चिंतेची लक्षणे होती. आपल्यात अजून म्हणतात, लेकरांना कसली आली आहे चिंता?

पण येथे आम्ही थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल, आणि तीही बऱ्या घरांची. पडदा फार झाला ही तक्रार ज्यांच्या घरी पडदा आहे त्यांची. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या देशातील १५ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांतील सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. खेड्यांतील शंभर मुलांत केवळ आठजण नियमितपणे मोबाइलवरून शिकत होती. सदतीसजण मुळीच शिकत नव्हती. आमच्या मंडळीत भांडी घासून घर चालवणाऱ्या एक बहीण आहेत. घरात मोबाइल एक, तो नवरा कामावर घेऊन जाई. त्यांची मुलगी शेजारच्या खिडकीत उभी राहून दुसऱ्याचा वर्ग ऐकत असे. कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये ‘विद्यागम’ नावाची योजना काढली होती. शिक्षकांनी वस्तीत जाऊन झाडाखाली, देवळाच्या ओट्यावर मुलांना थोडी थोडी करून शिकवायचे. आम्हांला ती कल्पना फार आवडली होती, पण रोगाच्या भीतीने ती ऑक्टोबरात थांबली. पहिली ते पाचवीचे वर्ग आमच्या राज्यात उघडले ते २५ ऑक्टोबर २०२१ रोजी. दीड वर्षाहून अधिक! सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो चौथा हिस्सा.

आणि आम्ही काय केले? आम्ही संडे स्कूल मोबाइलवर नेले. त्याचा आम्हांला अभिमान होता. वार्षिक अहवालात आम्ही लिहिले की एकही रविवार खंड पडला नाही. पटावरील निम्म्याहून कमी मुले येत होती हे लिहिले नाही. खिडकीत उभी राहणारी ती मुलगी आमच्याही वर्गात नव्हती, आणि तिच्या घरापर्यंत चालत जाण्यास फार तर दहा मिनिटे लागतात.

इंदूर, वडोदरे, हैदराबाद अशा ठिकाणच्या बांधवांना आणखी एक नुकसान ठाऊक असेल. आपल्या पुष्कळ मुलांना मराठी वाचायला शिकवणारी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे संडे स्कूल. जुनी माणसे तिला शब्बाथशाळा म्हणतात. येथे बेळगावात मराठी शाळा अजून आहेत, तरी इंग्रजी शाळेत जाणारी मुले पवित्रशास्त्रातूनच मराठी अक्षरे लावतात. दोन वर्षांनी ती परतली तेव्हा एका मुलाने उधळ्या पुत्राची गोष्ट आम्हांला व्यंगचित्रपटातल्या हिंदीत सांगितली. गोष्ट बरोबर होती. बाप धावत आला, हेही त्याने सांगितले, आणि तो स्वतः उठून धावूनही दाखवले. त्याला आम्ही काय म्हणणार?

२०२१ च्या अखेरीस वर्ग पुनः आवारात भरू लागले. पहिल्या रविवारी एक लहान मुलगी आमच्या शिक्षिकाबाईंपुढे येऊन थबकली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही एवढ्या उंच?” तिने बाईंना आजवर खांद्यापर्यंतच पाहिले होते. आम्ही हसलो. मग लंगडी लावली. दोन मिनिटांत निम्मी मुले भिंतीला टेकली. दम लागला होता. त्याहून नवल असे की राज्य कोणावर आले ते मान्यच होईना. जो बाद होई तो खेळ सोडून निघून जाई. मोबाइलवरच्या खेळात हरल्यावर बोट लावले की डाव पुनः सुरू होतो, कोणाची समजूत काढावी लागत नाही, रुसलेल्याला परत आणावे लागत नाही. आमच्या प्रभूने बाजारात बसलेल्या मुलांचा दाखला दिला आहे. काही पावा वाजवतात, काही नाचायला तयार नाहीत, आणि एकमेकांवर तक्रार चालली आहे. आम्हांला पूर्वी वाटे की हा दाखला त्या पिढीच्या हट्टीपणाबद्दल आहे, आणि तो आहेच. पण ज्याने तो दिला त्याने थांबून मुलांचा खेळ पाहिलेला होता. रुसवे कसे होतात हे त्याला ठाऊक होते.

आता एक गोष्ट सांगावी लागेल जी सांगताना आम्हांला बरे वाटत नाही.

त्या वर्गात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. जुना, काच तडकलेला मोबाइल तो हातातून सोडत नसे. प्रार्थनेतही तो खिशात हात घालून धरलेला. पडद्याने मुलांचे कसे वाटोळे झाले आहे याबद्दल आम्ही नुकतेच पालकांपुढे बोललो होतो, त्यामुळे आमचा आवेश मोठा होता. एका रविवारी आम्ही सर्वांसमक्ष त्याच्या हातातून तो मोबाइल काढून घेतला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. मुलगा बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि वर्ग सुटल्यावर त्याची आई आली तेव्हा त्याच्या चड्डीतून पायावर ओघळ आलेला दिसला.

आईने आम्हांला बाजूला घेऊन सांगितले. तो मोबाइल त्याच्या आजोबांचा. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, आजोबा वारले. इस्पितळात नेले ते शेवटचे. मुलाला मातीला नेले नाही, कोणालाच नेता आले नाही. त्यापूर्वीच्या वर्षभर म्हातारे माजघरात आणि नातू बाहेरच्या खोलीत अशी ताटातूट असताना आजोबा रोज रात्री नातवासाठी एक गोष्ट बोलून मोबाइलमध्ये भरून ठेवत. दावीद, दानीएल, योना. कधी नुसते ‘झोप आता’ एवढेच. मुलगा त्या ऐकत असे. मोबाइल बंद पडला तर आवाज जाईल अशी त्याला भीती होती, म्हणून तो हातातून सोडत नव्हता.

बंधुभगिनींनो, आम्ही त्या वर्गात चार महिने शिकवत होतो. आजोबा वारल्याचे आम्हांला माहीत होते. त्यांच्यासाठी मंडळीत प्रार्थना आम्हीच केली होती. मुलाच्या वडिलांचे सांत्वन केले, आजीला भेटलो. मुलाला मात्र विचारले नाही. त्याने मोबाइल का धरला आहे, हे विचारायला एक वाक्य पुरले असते. आम्ही मोजत होतो तास आणि मिनिटे.

मार्काच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग आपण बाप्तिस्म्याच्या वेळी वाचतो, गोंडस चित्रे छापतो. त्यातला एक शब्द चित्रांत येत नाही. शिष्य मुलांना आणणाऱ्यांना दटावू लागले, हे पाहून येशूला राग आला असे मार्क सांगतो. मत्तय आणि लूक ही गोष्ट सांगतात, पण रागाचा उल्लेख तेवढा गाळतात. शिष्य दुष्ट नव्हते. ते व्यवस्था पाहत होते, गुरूचा वेळ वाचवत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते पंचकमिटी होते. आणि प्रभूचा राग मुलांवर नव्हता, आणणाऱ्यांवर नव्हता, तो व्यवस्था पाहणाऱ्यांवर होता. त्या सोमवारी आम्ही त्या घरी गेलो आणि मुलाची क्षमा मागितली. तो म्हणाला, “सर, चार्जिंग संपलं नव्हतं.” म्हणजे आवाज शाबूत होता. त्याच्या मामाने नंतर त्या सगळ्या गोष्टी दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवून दिल्या, तेव्हा कुठे तो मोबाइल घरी ठेवून येऊ लागला.

म्हणून मोबाइल सैतानाचा आणि मैदान देवाचे असे सरळ गणित आम्ही मांडणार नाही. त्याच यंत्राने आपल्यापैकी कित्येकांना शेवटचे दर्शन घडवले. लहानांच्या बाबतीत मात्र डॉक्टरांचे सांगणे स्पष्ट आहे आणि ते पाळावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलाला पडदा मुळीच नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत फार तर एक तास आणि तोही मोठ्यांच्या सोबतीने, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी असे म्हटले आहे. आमच्या उपासनेत मागच्या बाकांवर एक वर्षाच्या बाळाच्या हाती मोबाइल दिलेला आम्ही दर रविवारी पाहतो. त्याने रडू नये म्हणून. आई दमलेली असते, तिला दोष देत नाही. पण बाळ रडले तर मान वळवून पाहणारे आपण आहोत, आणि त्या नजरेच्या धाकाने तो मोबाइल पर्समधून निघतो. आम्ही उपदेश करत असताना बाळ रडले तर खुशाल रडू द्यावे. आमचे उपदेश काही इतके मोलाचे नसतात.

दुसरे, आवार. साथ ओसरल्यावर, २०२२ साली, आमच्या मंडळीने आवारात सिमेंटच्या लाद्या बसवल्या. धूळ होती, पावसाळ्यात चिखल होई, आणि मोटारगाड्या वाढल्या होत्या. पांढरे पट्टे मारले, साखळी लावली, आणि भिंतीवर पाटी आली की येथे चेंडू खेळू नये, गाड्यांच्या काचा फुटतात. ठरावाच्या बाजूने आम्हीही हात वर केला होता. तेव्हा लक्षात आले नाही. दोन वर्षे आत कोंडलेली मुले बाहेर आली तेव्हा चौक गाड्यांनी भरला होता. रस्ता कुठला, तिथेही गाड्याच. मरण खिडकीतून येते हे यिर्मयाने सांगितले आहे. पण खेळ कधी कधी ठरावाने जातो, सूचक-अनुमोदक लावून.

गेल्या वर्षीच्या सभेत आम्ही हा विषय पुनः काढला. वाद झाला. गाड्यावाल्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, एका काकूंना गुडघ्यामुळे फाटकापासून चालवत नाही. पुष्कळ बोलून तडजोड निघाली ती अशी की महिन्यातून दोन रविवारी, उपासनेनंतर तासभर, आवार रिकामे राहील. गाड्या शेजारच्या शाळेच्या कडेला लागतील. ज्यांना चालवत नाही त्यांना तरुण संघाची मुले हात धरून नेतील. आम्ही आणखी एक मागितले. आवाराच्या कडेला खुर्च्या मांडाव्यात आणि साठीच्या पुढच्यांनी तासभर तिथे बसावे. कशाला, असे एकाने विचारले. आम्ही जखऱ्याची दोन वचने वाचून दाखवली. संडे स्कूलच्या शिक्षकांना विनंती आहे की आपापल्या गावी हे करून पाहावे. पाऊण तासाच्या वर्गातील पंधरा मिनिटे दिली तरी चालतील. आठवडाभराची हालचाल त्यातून भरून निघणार नाही, ते काम आईबापांचे आणि गल्लीचे आहे. पण कोणते मूल धापा टाकते, कोण पाटीवरचे वाचताना डोळे बारीक करते, कोण बाद झाल्यावर एकटेच भिंतीशी जाऊन बसते, हे त्या पंधरा मिनिटांत दिसते. वर्गात बसलेल्या मुलांत ते दिसत नाही.

पहिल्या रविवारी चार खुर्च्यांवर तिघेजण बसले होते. त्यांत आमच्या मंडळीतल्या सर्वांत वृद्ध आजी. काठी मांडीवर आडवी, आणि चेंडू आपल्यालाच लागणार अशी त्यांची आधीपासून खात्री. दहाव्या मिनिटाला तो लागलाच, काठीला. खेळ थांबला. मुले एकमेकांकडे पाहू लागली. पाटी अजून भिंतीवर होती. आजींनी चेंडू उचलून पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, “तुझं नाव काय? कोणाचा तू?” मुलाने सांगितले. तो तोच, आजोबांच्या गोष्टीवाला, आता बारा वर्षांचा. मग त्यांनी दुसऱ्याला विचारले, तिसऱ्याला, खिडकीतून वर्ग ऐकणाऱ्या त्या मुलीला. सगळ्यांची नावे होईपर्यंत त्यांनी चेंडू काही परत दिला नाही.